वाचल्यावाचून होकार नाही

मंडळी, अंगठा आणि आपण यांचे नाते जुने आहे. सावकाराच्या वहीवर आपल्या आज्या-पणज्यांनी अंगठे उठवले. कागदावर काय लिहिले आहे, ते त्यांना कळत नव्हते. घ्यावे शंभर आणि वहीत चढावे पाचशे, असेही घडे. कोऱ्या कागदावर अंगठा दिला आणि जमीन गेली, अशा गोष्टी गावोगाव ऐकू येतात. म्हणून साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा पहिली शिकवण हीच होती: वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.

आता शाईची डबी मागे पडली. पण अंगठा काही मागे पडला नाही. तो आता मोबाईलच्या काचेवर उठतो. काचेवर एक चौकट येते. तिच्यात दोन ओळी असतात. खाली दोन बटणे असतात. आपण घाईत असतो. अंगठा पुढे होतो आणि एक बटण दाबले जाते. हाही अंगठाच आहे, बरे का! आणि ती चौकट म्हणजे कागदच आहे.

ही चौकट का येते? ती काय विचारते? तिला हो केव्हा म्हणावे आणि नाही केव्हा म्हणावे? ते या पाठात पाहू.

१. पान आणि प्रोग्राम

मोबाईलवर किंवा संगणकावर आपण दोन प्रकारच्या गोष्टी पाहतो.

पहिली गोष्ट म्हणजे पान. सातबारा पाहायचा असला, परीक्षेचा निकाल पाहायचा असला, की आपण इंटरनेटवर एक पान उघडतो. हे पान आपल्या घरचे नसते. ते दूरच्या कुठल्या तरी संगणकावर ठेवलेले असते. तेथून ते तारेने किंवा हवेतून आपल्याकडे येते. पान दाखवणाऱ्या साधनाला ब्राउझर म्हणतात. अशी पाने जोडण्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडली. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ सर्न नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे ते काम करीत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रोग्राम. मोबाईलवर आपण त्याला अॅप म्हणतो. फोन लावण्याचे अॅप, फोटो काढण्याचे अॅप, पैसे देण्याचे अॅप. संगणकावर पत्र लिहिण्याचा प्रोग्राम असतो, हिशेबाचा असतो. हे प्रोग्राम आपल्या यंत्रात राहतात. ते आपल्या घरचे झाले.

थोडक्यात सांगायचे तर पान हा पाहुणा आणि प्रोग्राम हा घरचा गडी.

आता गंमत पाहा. पुष्कळ वेळा पाहुण्याला घरच्या गड्याकडून काम करून घ्यायचे असते. पानावर दवाखान्याचा नंबर दिसतो. त्यावर बोट ठेवले की फोनचे अॅप उघडते. पानावर 'पैसे भरा' असे असते. ते दाबले की पैसे देण्याचे अॅप उघडते. मुलाच्या शिकवणीची लिंक येते. ती दाबली की बैठकीचा प्रोग्राम उघडतो. पानाने हाक मारली आणि घरचा गडी उठला! ही सोय चांगली आहे. पण तिच्यात धोकाही आहे. तो धोका टाळावा म्हणूनच ती चौकट येते.

२. ओसरी आणि माजघर

आपल्या घराला ओसरी असते. कोणीही आला तरी त्याला आपण ओसरीवर बसवतो. पाणी देतो. तो दोन गोष्टी सांगतो, आपण ऐकतो. पण ओळख नसलेला माणूस विचारल्याशिवाय माजघरात जातो का? कणगीत हात घालतो का? कपाटातली कागदपत्रे चाळतो का? तसे कोणी केले तर आपण काय म्हणू?

ब्राउझर ही यंत्राची ओसरी आहे. पान कुठलेही असो, ते ओसरीवरच बसते. तेथे बसून ते चित्रे दाखवील, मजकूर दाखवील, आपण लिहून दिलेला अर्ज घेईल. पण तुमच्या फायली ते आपणहून वाचू शकत नाही. तुमचा कॅमेरा आपणहून चालू करू शकत नाही. घरचा प्रोग्राम मनाला येईल तसा चालवू शकत नाही. ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये ब्राउझर करणाऱ्यांनी भक्कम दार बसवले आहे.

आत यायचे तर पाहुण्याने विचारले पाहिजे. पाहुणा विचारतो ब्राउझरला. ब्राउझर विचारतो तुम्हाला. ते विचारणे म्हणजेच चौकट. तुम्ही हो म्हटले तर दार उघडते. नाही म्हटले तर पाहुणा ओसरीवरच राहतो.

घर कोणाचे? तुमचे. म्हणून हो म्हणण्याचा हक्क तुमचा. आणि नाही म्हणण्याचा हक्कही तुमचाच. नाही म्हटल्याने यंत्र बिघडत नाही. दंड होत नाही. खाते बंद होत नाही.

३. काम ज्याचे त्याच्याकडे

पानाने हाक मारली तर कोणता प्रोग्राम उठायचा, हे कसे ठरते?

जुन्या गावात नांगराचा फाळ बिघडला की लोहाराकडे जायचे. चाक मोडले की सुताराकडे. जोडा फाटला की चांभाराकडे. काम ज्याचे त्याच्याकडे. तशीच व्यवस्था यंत्रात केली आहे. नवा प्रोग्राम यंत्रात आला की तो नोंद करतो: अमुक प्रकारचे काम आले तर मला सांगा.

लिंक म्हणजे पत्ता. पत्त्याच्या सुरुवातीला एक छोटा शब्द असतो. मग दोन टिंबे येतात, एकाखाली एक. त्या छोट्या शब्दावरून काम कोणाचे ते कळते.

'एचटीटीपीएस' असा शब्द असला तर ते पान आहे. सहसा ब्राउझर ते उघडतो.

'टेल' असला तर तो फोन नंबर आहे. फोनचे अॅप उघडते.

'मेलटू' असला तर ते पत्र आहे. ईमेलचा प्रोग्राम उघडतो.

'यूपीआय' असला तर पैशाचे काम आहे. पैसे देण्याचे अॅप उघडते.

यातली एक चांगली रीत पाहा. पानावरच्या फोन नंबरवर बोट ठेवले तर फोनचे अॅप उघडते आणि नंबर तेथे लिहिलेला दिसतो. पण फोन लगेच लागत नाही. हिरवे बटण तुम्ही स्वतः दाबायचे असते. पैशाच्या लिंकचेही तसेच. कोणाला आणि किती, हे भरलेले दिसते. पण तुम्ही स्वतः मान्यता दिल्याशिवाय पैसा हलत नाही. म्हणजे हाक मारणे पाहुण्याच्या हाती, पण शेवटचा होकार मालकाच्या हाती.

हा शेवटचा होकार हेच आपले कुलूप आहे. किल्ली आपल्या अंगठ्यात आहे.

४. चौकट कशी वाचावी?

समजा, तुम्ही संगणकावर बैठकीची लिंक दाबली. चौकट येते. तिचा अर्थ असा असतो: "अमुक पानाला 'झूम' हा प्रोग्राम उघडायचा आहे. उघडायचा का?" खाली दोन बटणे असतात. एकावर 'ओपन' म्हणजे उघडा. दुसऱ्यावर 'कॅन्सल' म्हणजे रद्द करा. कधी कधी मध्ये एक लहान चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण करता येते. त्याचा अर्थ 'या पानाला नेहमीच परवानगी द्या, पुन्हा विचारू नका.'

अशी चौकट आली की चार प्रश्न मनात विचारा.

पहिला प्रश्न: कोण मागतो? पानाचे नाव वाचा. नाव शेवटाकडून वाचावे. पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडचे शेवटचे शब्द खरे नाव सांगतात. सरकारी पानांची नावे बहुधा 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' अशी संपतात. नावात कुठे तरी मध्येच 'सरकार' किंवा 'बँक' असले म्हणून ते पान सरकारचे किंवा बँकेचे होत नाही. दुकानाच्या पाटीवर 'महाराजा' लिहिले म्हणून दुकानदार राजा होतो काय?

दुसरा प्रश्न: काय मागतो? कोणता प्रोग्राम उघडायचा आहे? कॅमेरा पाहिजे, की मेसेज वाचायचे आहेत, की ठिकाण पाहिजे?

तिसरा प्रश्न: कशासाठी मागतो? काम आणि मागणी यांचा मेळ बसतो का? बैठकीच्या प्रोग्रामाने कॅमेरा मागितला, तर मेळ बसतो. हवामान सांगणाऱ्या अॅपने ठिकाण मागितले, तरी मेळ बसतो. पण लग्नाच्या पत्रिकेला तुमचे मेसेज कशाला वाचायचे आहेत? पत्रिका वाचायची आपण. पत्रिकेने आपल्याला वाचायचे नाही.

चौथा प्रश्न: किती काळासाठी? एकदाच, की कायमचे? आजकालच्या फोनवर कॅमेरा किंवा ठिकाण मागताना तीन पर्याय येतात. अॅप वापरत असतानाच, फक्त या वेळी, आणि परवानगी नको. शंका असली तर 'फक्त या वेळी' निवडावे. फारच शंका असली तर 'नको' म्हणावे. 'नेहमी' ही खूण तर घरच्या माणसासाठी ठेवावी.

चौकटीवरची अक्षरे पुष्कळदा इंग्रजी असतात. मग काय करायचे? फोनची भाषा मराठी करून घ्यावी. तशी सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते. तरीही अक्षर लागले नाही तर थांबावे. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून किंवा शेजारणीकडून वाचून घ्यावे. चौकटीला घाई नसते. जो माणूस फोनवरून 'लवकर करा, लवकर करा' म्हणतो, त्यालाच घाई असते. त्याची घाई हीच धोक्याची खूण.

५. होकार म्हणजे मुखत्यारपत्र

तुम्ही हो म्हटले. प्रोग्राम सुरू झाला. आता तो कोणाच्या हक्काने काम करतो? तुमच्याच हक्काने.

हे नीट समजून घ्या. आपल्याला तालुक्याला जाणे जमत नसले, तर आपण दुसऱ्याला मुखत्यारपत्र देतो. मग त्याने केलेली सही आपलीच समजतात. संगणकावर चालू झालेला प्रोग्रामही तसाच. जी फाईल तुम्ही उघडू शकता, ती बहुधा तोही उघडू शकतो. जी फाईल तुम्ही पुसू शकता, ती तोही पुसू शकतो. पान ओसरीवर होते तोवर कुंपण होते. प्रोग्राम माजघरात आला की कुंपण पुष्कळसे संपले. मोबाईलवर मात्र प्रत्येक अॅपला वेगळी खोली असते. एका खोलीतून दुसरीत जायला पुन्हा परवानगी लागते. म्हणून तेथे चौकटी जास्त येतात.

संगणकावर दोन प्रकारची खाती करता येतात. एक कारभाऱ्याचे खाते. त्याला सर्व अधिकार असतात. नवा प्रोग्राम बसवणे, जुना काढणे, यंत्राची मांडणी बदलणे. दुसरे साध्या वापरणाऱ्याचे खाते. त्याला रोजच्या कामापुरते अधिकार असतात. रोजचे काम साध्या खात्यातून करावे. मग चुकून एखादा वाईट प्रोग्राम चालला तरी त्याच्या हाती सगळ्या घराच्या किल्ल्या लागत नाहीत. या खात्यातल्या फायलींना धोका राहतोच, पण बाकीचे घर वाचते.

एखादा प्रोग्राम कारभाऱ्याचे अधिकार मागू लागला, तर विंडोज संगणक दुसरी चौकट दाखवतो. बहुधा सगळा पडदा मंद होतो आणि चौकट तेवढी उठून दिसते. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही रीत सुरू झाली. ही चौकट आली की समजावे: हा साधा होकार नव्हे, हे आम मुखत्यारपत्र आहे. आपण स्वतः नवा प्रोग्राम बसवत नसू, तर येथे नाहीच म्हणावे.

६. दार उघडे टाकले तेव्हा काय झाले?

हे सगळे नियम पहिल्यापासून नव्हते. ठेच लागली तेव्हा माणूस शहाणा झाला.

१९९६ साली अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये एक सोय आणली. तिचे नाव अॅक्टिव्हएक्स. तिच्यामुळे पानाबरोबर लहान प्रोग्राम येऊ शकत. ते थेट यंत्रात चालत. एकदा हो म्हटले की मध्ये कुंपण नसे. वापरणाऱ्याचे सगळे हक्क त्या प्रोग्रामाला मिळत. लोकांना हो म्हणायची सवय लागली. त्याचा फायदा लबाडांनी घेतला. नको असलेले प्रोग्राम यंत्रांत शिरले. शेवटी २००४ साली कंपनीने विंडोज एक्सपीमध्ये मोठी सुधारणा केली. पानाने आणलेला प्रोग्राम आधी अडवायचा, वरच्या बाजूला एक पट्टी दाखवायची, आणि माणसाने स्वतः ती दाबली तरच पुढे जायचे, असे ठरले. ज्या ब्राउझरमध्ये ही सोय होती, तो इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ च्या जूनमध्ये कंपनीने निवृत्त केला.

दुसरी गोष्ट २०१९ सालची. झूम कंपनीचा बैठकीचा प्रोग्राम होता. अॅपल कंपनीच्या संगणकावर सफारी नावाचा ब्राउझर असतो. पानाने झूम उघडायचे म्हटले की सफारी माणसाला विचारी: उघडू का? झूम कंपनीला वाटले, लोकांचे एक बटण वाचवावे. म्हणून तिने त्या संगणकांत एक छोटा मधला प्रोग्राम ठेवला. पान आता सफारीला विचारण्याऐवजी या मधल्याला सांगे, आणि चौकट न येताच झूम उघडे.

सोय झाली खरी. पण मागचे दार उघडे राहिले. झूमचे पान ज्या दाराने येई, त्याच दाराने दुसरे कुठलेही पान येऊ शकत होते. ते पान माणसाला त्याच्या नकळत बैठकीत ओढू शके. कॅमेरा बंद ठेवण्याची मांडणी आधी केलेली नसली, तर कॅमेराही चालू होई. आणखी नवल पुढेच आहे. झूम काढून टाकले तरी तो मधला प्रोग्राम मागे राहत होता, आणि झूम पुन्हा बसवू शकत होता. २०१९ च्या जुलैमध्ये एका अभ्यासकाने हे उघड केले. मग झूमने तो मधला प्रोग्राम काढला. अॅपलनेही आपल्या बाजूने सुधारणा पाठवून तो काढून टाकला.

यातून काय शिकायचे? एक बटण वाचवण्यासाठी मालकाला विचारणे बंद केले, आणि घर उघडे पडले. चौकट म्हणजे कटकट नव्हे. चौकट म्हणजे दारावरचा राखणदार आहे.

७. केंद्रावरचा अंगठा

मधला प्रोग्राम नेहमी वाईटच असतो, असे मात्र नाही. रोजचे उदाहरण घ्या.

तुम्ही सेवा केंद्रावर जाता. आधारवरून पैसे काढायचे असतात. केंद्रचालक संगणकावर किंवा मोबाईलवर काम उघडतो. मग तुम्ही छोट्या यंत्रावर अंगठा ठेवता. केंद्रावर पान उघडलेले असले, तर ते थेट त्या यंत्राशी बोलत नाही. त्याच संगणकात यंत्राचा स्वतःचा एक लहान प्रोग्राम असतो. पान त्या प्रोग्रामाला सांगते, तो प्रोग्राम ठसा घेतो. ठसा घेतल्याबरोबर तो कुलूपबंद होतो. हे कुलूप फक्त आधारच्या कार्यालयाकडेच उघडते. पानाच्या हाती बंद पाकीट येते, उघडा ठसा येत नाही. आधारच्या कामासाठी अशी नोंदलेली यंत्रेच वापरावी, असा नियम आहे.

पण हे कुलूप एक गोष्ट सांगू शकत नाही. अंगठा कशासाठी घेतला? पाचशेसाठी, की पाच हजारांसाठी? ते तुम्हालाच पाहावे लागते. म्हणून अंगठा ठेवण्याआधी विचारा: "दादा, हा कशाचा अंगठा? रक्कम किती टाकली? पडदा जरा इकडे करा." "नाही उठला, पुन्हा ठेवा," असे कोणी म्हणाले, तर आधीच्या वेळेची पावती मागा. पावतीवरची रक्कम वाचा. फोनवर बँकेचा मेसेज आला का, ते पाहा. चांगल्या केंद्रचालकाला याचा राग येत नाही. आधारच्या संकेतस्थळावर ठसे बंद करून ठेवण्याचीही सोय आहे. लागतील तेव्हा ते पुन्हा उघडता येतात.

८. सूनबाईने वाचले

आता एक प्रसंग वाचू. असे प्रसंग हल्ली घरोघरी घडतात.

मामंजींना शेळी विकायची होती. त्यांनी मुलाकडून तिचा फोटो इंटरनेटवर टाकला. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"शेळी पसंत आहे. नऊ हजार देतो. घासाघीस नाही. मी लष्करात आहे, येता येत नाही. पैसे आत्ता पाठवतो. एक लिंक पाठवली आहे. ती दाबा आणि पिन टाका. पैसे लगेच जमा."

मामंजी खूश झाले. लिंक दाबली. पैशाचे अॅप उघडले. पडद्यावर नऊ हजारांचा आकडा दिसला.

"सूनबाई, आपल्या शेळीचे नऊ हजार आले बघ! पिन तेवढा टाकायचा राहिलाय."

सूनबाई रात्रीच्या वर्गाला जाते. ती हात पुसत बाहेर आली.

"मामंजी, जरा थांबा. मला वाचू द्या."

"अगं, तो फोनवर थांबलाय. घाई कर म्हणतोय."

"थांबू द्या त्याला. हे बघा, इथं एका माणसाचं नाव आहे. त्याच्याखाली नऊ हजार. आणि खाली लिहिलंय 'पे'. पे म्हणजे द्या. मामंजी, हे पैसे आपल्याला येत नाहीयेत. हे आपल्याकडून चाललेत."

"असं कसं? तो तर म्हणतो, पैसे घ्यायला पिन लागतो."

"बँकेतून पैसे काढायला सही लागते. पण आपल्या खात्यात कुणी पैसे भरले, तर आपली सही लागते का?"

मामंजी विचारात पडले. "नाही बा लागत."

"मग पिन म्हणजे सहीच ना? पैसे घ्यायला पिन लागत नाही."

फोनवरचा माणूस ओरडत होता. "आजोबा, लवकर करा, नाहीतर सौदा रद्द!"

मामंजींनी फोन हातात घेतला. ते म्हणाले, "रद्द तर रद्द. शेळी पाहिजे तर गोठ्यावर या आणि रोख मोजा." आणि त्यांनी फोन ठेवला.

शेळी पुढच्या बाजारात विकली गेली. मामंजीही आता रात्रीच्या वर्गाला येतात.

९. दोन मोठे फसवे पाहुणे

पहिला फसवा पाहुणा पत्रिकेच्या रूपाने येतो. व्हॉट्सअॅपवर फाईल येते. नाव असते लग्नाचे आमंत्रण, गाडीच्या दंडाची पावती किंवा शेतकरी योजनेचे अॅप. नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. एपीके म्हणजे अॅपच. ते दाबले की फोन विचारतो: या ठिकाणाहून आलेले अॅप बसवू द्यायचे का? हो म्हटले की ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते. बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो! म्हणून एपीके फाईल दाबू नये. अॅप घ्यायचे तर फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे, आणि तेथेही नाव नीट वाचावे.

दुसरा फसवा पाहुणा मदतीच्या रूपाने येतो. "मी बँकेतून बोलतो. तुमचे खाते बंद पडणार. हे अॅप घ्या, मी दुरुस्त करून देतो." हे अॅप दुसऱ्याचा पडदा दुरून पाहण्याचे असते. एनीडेस्क हे असेच एक साधन आहे. ते साधन वाईट नाही. दूरचा संगणक दुरुस्त करायला कारागीर ते वापरतात. पण चोराच्या हाती ते गेले, की तुमचा पडदा म्हणजे त्याचा पडदा. २०१९ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना याबद्दल सावध केले होते. खरी बँक असे अॅप घ्यायला सांगत नाही. पिन आणि ओटीपीही विचारत नाही.

१०. चुकून होकार गेला तर?

लाजू नका आणि लपवू नका. शिकलेले लोकही फसतात. ताबडतोब पुढील गोष्टी करा.

फोनचे इंटरनेट बंद करा. समोरचा माणूस पडदा पाहत असेल, तर त्याची दोरी तुटेल.

बँकेला फोन करून खाते गोठवायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. इंटरनेटवर शोधून घेऊ नका.

दुसऱ्या फोनवरून १९३० या नंबरवर तक्रार करा. हा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

नको असलेले अॅप काढून टाका. दिलेली परवानगी सेटिंगमध्ये जाऊन परत घेता येते. होकार दिला म्हणून तो जन्माचा होत नाही. जुन्या कागदावरचा अंगठा पुसता येत नसे. हा पुष्कळ वेळा पुसता येतो, पण वेळेवर पुसला पाहिजे.

ध्यानात ठेवा

चौकट आली की आधी वाचा, मग दाबा.
कोण मागतो, काय मागतो, कशासाठी आणि किती काळ, हे पाहा.
पिन म्हणजे सही. पैसे घेताना पिन लागत नाही.
समजले नाही तर 'नाही' म्हणा. नंतर हो म्हणता येते.
घाई करणाऱ्याचे काम थांबवा.

शब्द आणि अर्थ

ब्राउझर: इंटरनेटवरची पाने दाखवणारे साधन.
लिंक: पानाचा किंवा कामाचा पत्ता. दाबला की उघडतो.
परवानगी: मालकाने दिलेला होकार.
मुखत्यारपत्र: आपल्या वतीने काम करण्याचा दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार.
पिन: पैशाच्या अॅपचा गुप्त आकडा.
ओटीपी: एकदाच चालणारा गुप्त आकडा.

प्रश्न

१. पान आणि प्रोग्राम यांत फरक काय?
२. पानावरच्या फोन नंबरवर बोट ठेवले तर फोन लगेच का लागत नाही?
३. झूमने एक बटण वाचवले. त्यामुळे काय धोका झाला?
४. रोजचे काम साध्या खात्यातून का करावे?
५. सूनबाईने पडद्यावर कोणती अक्षरे वाचली? ती वाचली नसती तर काय झाले असते?

करून पाहा

आपल्या फोनची सेटिंग उघडा. कोणत्या अॅपला कॅमेऱ्याची परवानगी आहे, ते वाचा. मेसेजची परवानगी कोणाला आहे, तेही वाचा. प्रत्येक नावापुढे विचारा: याला हे कशाला पाहिजे? उत्तर सापडले नाही तर परवानगी काढून घ्या. मग घरातल्या दुसऱ्या एका माणसाला हे शिकवा.